हातांतला संगणक घ्यावा कीं न घ्यावा?

कापसाचे व मिरचीचे पैसे घरांत येऊं लागले म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील पालक शाळेच्या व्हरांड्यांत थांबून एक प्रश्न हटकून विचारतात: "सर, मुलगा टॅब मागतो. घेऊन द्यावा काय?" पूर्वीं असाच प्रश्न सायकलीविषयीं विचारला जात असे, आणि त्याचें उत्तर देणें सोपें होतें. शाळा दूर असली व मधला रस्ता सायकल चालण्याजोगा असला, तर सायकल घ्यावी. रस्ता नसून नुसती डोंगरांतली पायवाट असली, तर मुलालाच ती सायकल खांद्यावर वाहून न्यावी लागेल. टॅबचेंही तत्त्व हेंच आहे. अडचण इतकीच कीं, टॅब ज्या रस्त्यानें चालतो तो डोळ्यांस दिसत नाहीं. आणि दुकानदार यंत्र दाखवितो, रस्ता दाखवीत नाहीं.

प्रश्न क्षुल्लक नाहीं. बरासा टॅब १२,००० रुपयांचा धरूं. रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रांतील मजुरी सन २०२४-२५ मध्यें दिवसास २९७ रुपये होती. भागाकार करून पाहिल्यास एका टॅबची किंमत ४० दिवसांच्या मजुरीइतकी होते. ज्या घरांतील माणसें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजराथेंत जातात, त्या घरच्या मुलांस ४० दिवसांची मजुरी म्हणजे काय हें सांगावयास नको. म्हणून विद्यार्थ्यांनीं हट्ट धरण्यापूर्वीं, आणि पालकांनीं रागानें नकार देण्यापूर्वीं, दोघांनींही हा विषय समजून घ्यावा असें आम्हांस वाटतें.

हातांत मावणारा संगणक हें यंत्र आमच्या जिल्ह्यास अपरिचित आहे असें मुळींच नाहीं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं शहादा तालुक्यांतील टेंभली ह्या गांवीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितींत देशांतील पहिले आधार क्रमांक लोकांस देण्यांत आले. त्या क्रमांकाचा उपयोग आज रेशनच्या दुकानांत सर्वांस दिसतो. अंगठा टेकण्यासाठीं दुकानदार जें लहानसें यंत्र पुढें करतो, तें बिनतारी जोडणीचा, हातांतला संगणकच होय. अंगठा येथें टेकतो, आणि त्याची ओळख कोठें तरी फार दूर ठेवलेल्या नोंदींशीं पटविली जाते. "रेंज नाहीं, उद्यां या" हें वाक्य ऐकून ज्यांनीं रिकामी पिशवी परत आणली आहे, त्यांस ह्या लेखाचा अर्धा आशय आधींच कळलेला आहे. यंत्र चांगलें होतें, अंगठाही खरा होता. मधला रस्ता तेवढा बंद होता.

आतां हा रस्ता कसा असतो तें पाहूं. टॅबच्या बिनतारी जोडणीस लोक वायफाय म्हणतात. तिचे नियम प्रथम १९९७ सालीं ठरले व दोन वर्षांनीं हें नांव रूढ झालें. परंतु मूळ शास्त्र त्याहून शंभर वर्षांनीं जुनें आहे. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं तारेवांचून लहरी पाठविल्या, व त्यांच्या योगानें दूर ठेवलेली घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. वायफायच्या लहरी त्याच जातीच्या आहेत. त्या सेकंदास सुमारें २४० कोटि वेळां आंदोलन पावतात. प्रकाशाप्रमाणेंच त्यांचा वेग सेकंदास ३० कोटि मीटर असल्यामुळें एका लहरीची लांबी ३० भागिले २४०, म्हणजे एक अष्टमांश मीटर, अथवा साडेबारा सेंटिमीटर भरते. दुसऱ्या एका प्रकारांत आंदोलनें सेकंदास ५०० कोटींच्या वर असतात व लहर सहा सेंटिमीटरांहून थोडी आंखूड होते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतील सूत्र असें बाजारांत उपयोगी पडलेलें क्वचितच पाहावयास मिळतें.

ह्या लहरी कुडाच्या भिंतींतून सहज जातात, विटांच्या भिंतींतून जातांना क्षीण होतात, आणि पत्र्यावरून तर परतच फिरतात. ओल्या पानांतून जातांनाही त्यांचा जोर बराच उतरतो. दुसऱ्या, आंखूड लहरी अधिक वेगानें माहिती आणतात, परंतु भिंतीपुढें लवकर हार खातात. शिवाय वायफायचें यंत्र मुद्दाम अल्प शक्तीचें ठेवलेलें असतें, म्हणून त्याचा पल्ला घरांत तीस-चाळीस पावलांपलीकडे फारसा जात नाहीं. एके काळीं घरांत रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टांतून परवाना काढावा लागे, हें घरांतील आजोबांस आठवत असेल. वायफायच्या पहिल्या प्रकारच्या लहरींस मात्र आपल्या देशांत २००५ सालापासून असा परवाना लागत नाहीं, आणि त्याचें एक कारण हा तोकडा पल्लाच होय. एकाचें यंत्र चार घरांपलीकडच्या यंत्रास त्रास देऊं शकत नाहीं.

येथेंच पुष्कळ लोकांची समजूत चुकते. वायफाय म्हणजेच इंटरनेट, असें ते समजतात. वास्तविक वायफाय ही घराच्या ओट्यापासून गल्लीपर्यंतची पायवाट होय. हमरस्ता निराळाच असतो. तो हमरस्ता तीन प्रकारांनीं येतो. जमिनींतून आलेल्या कांचेच्या तंतूंतून, म्हणजे फायबरमधून, मोबाइलच्या टॉवरवरून, किंवा क्वचित् उपग्रहावरून. ह्यांपैकीं कांहींच घरापर्यंत येत नसेल, तर टॅबमधलें वायफाय कितीही उत्तम असलें तरी तें तुम्हांस ओट्यावरून खालीं उतरवून गल्लींत नेऊन सोडील, आणि पुढें वाट नसेल.

पडद्याच्या कोपऱ्यांत पंख्यासारख्या ज्या रेघा दिसतात, त्यांविषयींही हाच घोंटाळा होतो. "सर, रेघा पूर्ण आहेत, पण कांहींच उघडत नाहीं," अशी तक्रार आम्ही किती तरी वेळां ऐकली आहे. त्या रेघा फक्त टॅब व घरांतलें वायफायचें यंत्र ह्यांच्यामधलें सख्य दाखवितात. पुढचा हमरस्ता मोकळा आहे, गर्दीनें भरला आहे, कीं तुटला आहे, हें त्यांस ठाऊक नसतें.

हमरस्त्याची स्थिति आमच्या जिल्ह्यांत सर्वत्र सारखी नाहीं व सारखी असूंही शकत नाहीं. टॉवरच्या लहरी कांहीं किलोमीटर जातात; पण त्या बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. तापीकांठच्या सपाट मुलखांत, शहादा किंवा नंदुरबार तालुक्यांत, एक टॉवर दूरवरच्या गांवांस पुरतो. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याच्या घड्या एकीमागून एक अशा पडल्या आहेत, कीं टॉवर डोंगराच्या एका अंगास असला, तर दुसऱ्या अंगाचा पाडा त्याच्या सावलींत येतो. ऊन जसें दरींत उशिरा येतें तशीच ही गोष्ट समजावी. फरक एवढाच कीं सूर्य चालतो व टॉवर चालत नाहीं. टॉवरला वीज लागते, आणि त्यालाही मागें फायबरचा किंवा दुसऱ्या टॉवरचा आधार लागतो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर पोंचविण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्यें मंजुरी मिळाली, व २०१५ पासून तिला भारतनेट हें नांव आहे. परंतु ग्रामपंचायतीच्या कचेरींत आलेला तंतु तीन किलोमीटरांवरच्या पाड्यांत आपोआप जात नाहीं. आणि जेथें टॉवर चांगला आहे, तेथेंही रात्रीं आठ वाजतां सारा गांव एकाच वेळीं चित्रफिती पाहूं लागला, म्हणजे हमरस्त्यावर बाजाराच्या दिवसासारखी कोंडी होते. मुलांच्या अभ्यासाची वेळही नेमकी तीच असते.

रस्त्याचा विचार न करतां यंत्र वाटलें म्हणजे काय होतें, ह्याचें मोठें उदाहरण आपल्या देशानें पाहिलेलें आहे. बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापकांनीं व एका कंपनीच्या तंत्रज्ञांनीं मिळून रचलेला "सिम्प्युटर" नांवाचा हातसंगणक २००४ सालीं विक्रीस आला होता. तो गरिबांसाठीं होता, पण फारसा खपला नाहीं. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०११ रोजीं तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल ह्यांनीं नवी दिल्ली येथें "आकाश" हा टॅब विद्यार्थ्यांसाठीं प्रसिद्ध केला. सरकारला तो नगामागें २,२७६ रुपयांस पडला, आणि जगांतील सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा फार गाजावाजा झाला. त्याचा पडदा सात इंची असून बोटानें दाबल्यावांचून तो ओळख देत नसे. त्याची स्मृति २५६ एमबी होती व विजेरी लहान होती. परंतु आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या पहिल्या "आकाश"मध्यें सिमकार्ड घालण्याची सोय नव्हती; नुसतें वायफाय होतें. २०११ सालीं आपल्याकडील किती विद्यार्थ्यांच्या घरीं वायफाय होतें? यंत्र विद्यार्थ्याच्या हातीं दिलें, आणि त्याच्या घरीं पायवाटही नव्हती व हमरस्ताही नव्हता. पुढें हें काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे आलें, सुधारलेली दुसरी आवृत्ति ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति प्रणव मुखर्जी ह्यांच्या हस्तें प्रसिद्ध झाली, तिचा वेगही वाढला; पण ही सर्व योजना कालांतरानें मागें पडली. स्वस्त यंत्र निर्माण करण्याची बुद्धि वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं. २,२७६ रुपयांत टॅब करून दाखविणें हें लहान काम नव्हे.

आतां दुसरी बाजू पाहूं, कारण वरील मजकूर वाचून कोणी पालक "मग घेणेंच नको" असें म्हणून मोकळे होतील, आणि तेंही बरोबर होणार नाहीं. रस्ता रोज घरापर्यंत असलाच पाहिजे असें नाहीं. आपण मीठ-मिरची, तेल, साबण रोज बाजारांतून आणीत नाहीं; आठवड्याच्या बाजारीं भरून आणतों व सात दिवस पुरवितों. टॅबचेंही तसें करतां येतें. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेतां येतात. पाठ्यपुस्तकांवर जी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट छापलेली असते, तिच्यापाशीं यंत्र धरलें म्हणजे त्या पाठाचें साहित्य "दीक्षा" ह्या २०१७ सालीं सुरू झालेल्या सरकारी संग्रहांतून मिळतें, व त्यांतील पुष्कळसें साठवूनही ठेवतां येतें. किविक्स नांवाचें एक विनामूल्य ॲप आहे. त्यांत सबंध मराठी विकिपीडिया उतरवून घेतला, तर पुढें तो धडगांवच्या पलीकडच्या दरींतही रेंजवांचून वाचतां येतो. पुस्तक उतरविण्यास फार थोडा डेटा लागतो; उलट मध्यम स्पष्टतेची एक तासाची चित्रफीत अर्धा जीबी खाऊन टाकते. म्हणून तालुक्याच्या गांवीं आलेल्या दिवशीं पुस्तकें व पाठ भरून घ्यावे, आणि घरीं निवांत वाचावे. असा उपयोग करणाऱ्या मुलास रेंज नसणें हें कधींकधीं वरदानच ठरतें, कारण खेळाचें व करमणुकीचें बोलावणेंही त्याच रस्त्यानें येत असतें.

ह्याच संबंधांत रायगड जिल्ह्यांतील खैरात ह्या लहानशा गांवच्या प्रयोगाची माहिती विद्यार्थ्यांस मनोरंजक वाटेल. अमेरिकेंतील प्राध्यापक निकोलस नेग्रोपॉन्टे ह्यांनीं "प्रत्येक मुलास एक लॅपटॉप" असा उपक्रम काढला होता. त्याचा भारतांतील पहिला प्रयोग २००७ सालीं खैरातच्या एकशिक्षकी शाळेंत झाला, व तेथील प्रत्येक मुलास हिरव्या-पांढऱ्या रंगाचा एकेक लहान लॅपटॉप मिळाला. त्या यंत्रांची रचना अशी होती कीं, बाहेरचा कोणताही रस्ता नसतांना तीं आपापसांत बिनतारी साखळी जोडीत. एका यंत्राचा निरोप दुसरें यंत्र उचलून तिसऱ्यास देई. एका मुलानें लिहिलेलें शेजारचें मूल आपल्या पडद्यावर पाही. आजच्या टॅबमध्यें तशी साखळी नसली, तरी दोन यंत्रें जवळजवळ ठेवून एकांतलें पुस्तक दुसऱ्यांत पाठविण्याची सोय बहुतेकांत आहे, आणि तिला एक पैचाही रिचार्ज लागत नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, एका पाड्यांतील एका विद्यार्थ्यानें बाजारांतून माल भरून आणला, तर तो दहा जणांस वांटतां येतो. पुस्तकें वांटल्यानें कमी होत नाहींत, ही तर फारच सोयीची गोष्ट आहे.

मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां ज्याच्या घरीं यंत्र व रस्ता दोन्ही होतीं त्याची शाळा चालू राहिली, आणि ज्याच्या घरीं ह्यांपैकीं एकही नव्हतें त्याची बंद पडली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत एका विद्यार्थिनीनें रेंज मिळते त्या डोंगरावर झोंपडी उभारून आपला अभ्यास चालविला, हें वृत्त त्या वेळीं सर्वत्र प्रसिद्ध झालें. लोकांनीं तिचें कौतुक केलें, तें योग्यच होतें. पण त्या झोंपडीचा दुसरा अर्थ असा कीं, तिच्या हातांतलें यंत्र घरीं निरुपयोगी होतें.

यंत्राच्या निवडीविषयीं बोलावयाचें तर महाराष्ट्रांतील अंगणवाडी सेविकांचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें. मुलांच्या वजन-उंचीच्या व आहाराच्या नोंदी करण्यासाठीं सरकारनें त्यांस मोबाइल दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्यें ठिकठिकाणच्या सेविकांनीं ते सरकारला परत केले. त्यांची तक्रार अशी होती कीं, यंत्राची स्मृति अवघी दोन जीबी असल्यामुळें नवें ॲप त्यावर नीट चालत नाहीं, यंत्र तापतें व अडतें. हमीची मुदत संपल्यामुळें दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. आणि नोंदीचें ॲप इंग्रजींत आहे. ह्या तिन्ही तक्रारी घरांत टॅब घेणाऱ्यानें आधींच विचारांत घ्याव्या. आजच्या घटकेस चार जीबीहून कमी रॅम व चौसष्ट जीबीहून कमी साठवण असलेला टॅब स्वस्तांत मिळाला तरी घेऊं नये. दोन वर्षांत तो पाटीइतकाही उपयोगाचा राहणार नाहीं. पडदा फुटला तर त्या कंपनीचा पडदा नंदुरबारास मिळेल कीं यंत्र सुरतेस पाठवावें लागेल, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. आणि दुकानांतच मराठी अक्षरांनीं चार ओळी लिहून पाहाव्या. ज्यांच्या घरीं पावरी, भिली किंवा अहिराणी बोलतात, त्या मुलांस मराठीच दुसरी भाषा असते. तींत यंत्राच्या इंग्रजीची भर पडली, तर अभ्यासाऐवजीं यंत्र समजण्यांतच वर्ष जाईल.

विजेच्या बिलाची भीति मात्र निष्कारण आहे. मोठ्या विजेरीचा टॅब पूर्ण भरण्यास फार तर ३५ वॅट-तास वीज लागते, म्हणजे एका युनिटांत तो पंचवीस-तीस वेळां भरेल. खरा खर्च निराळाच आहे, आणि तो दुकानांत कोणी सांगत नाहीं. मोबाइलचा "महिन्याचा" रिचार्ज पुष्कळदां २८ दिवसांचा असतो. ३६५ स २८ नीं भागा. उत्तर बारा येत नाहीं, तेरा येतें. म्हणजे वर्षांतून तेरा वेळां पैसे भरावे लागतात. एक रिचार्ज २५० रुपयांचा धरला तर वर्षास ३,२५० रुपये होतात, व टॅब तीन वर्षे टिकला तर ९,७५० रुपये. ज्यानें १२,००० रुपयांचा टॅब घेतला, त्यानें खरोखर २१,७५० रुपयांचा व्यवहार केला आहे. बारा हजार एकदां जमविणें एक, आणि दर अठ्ठाविसाव्या दिवशीं अडीचशें जमविणें दुसरें. अनेक घरांत यंत्र धूळ खात पडतें, तें ह्या दुसऱ्या कारणानें.

येथें नुसता वायफायचा टॅब व सिमकार्डाचा टॅब ह्यांतला भेद येतो. पहिला स्वस्त असतो, आणि दुकानदार म्हणतो, "वडिलांच्या मोबाइलवरून हॉटस्पॉट घ्या." म्हणजे वडिलांचा मोबाइल हमरस्त्यावरून माहिती आणील व वायफायच्या पायवाटेनें टॅबला देईल, दुसरा रिचार्ज नको. युक्ति चांगली आहे, आणि ज्या घरीं वडील संध्याकाळीं परत येतात तेथें ती उत्तम चालते. परंतु वडील सुरतेस कामावर असले, किंवा दोघेंही ऊसतोडीस गेलीं असलीं, तर मोबाइल त्यांच्याबरोबर जातो, आणि आजीपाशीं राहिलेल्या मुलाच्या हातांत ओट्यावरची पायवाट तेवढी उरते. अशा घरीं एक तर थोडे अधिक पैसे घालून सिमकार्डाचा टॅब घ्यावा, नाहीं तर बाजारांतून भरून आणण्याचा वर सांगितलेला मार्ग धरावा. ह्या दोहोंपैकीं कांहींच होणार नसेल, तर नुसत्या वायफायचा टॅब घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट, जी तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत नसते. बहुतेक घरांत यंत्र मुलाच्या नांवें येतें. बहीण त्याच इयत्तेंत किंवा वरच्या इयत्तेंत असली, तरी स्वयंपाक, भांडीं, धाकट्यास निजविणें हें सर्व आटोपून तिच्या हातीं तें येतें, तेव्हां विजेरी संपलेली असते आणि दिवसाचा डेटाही संपलेला असतो. गांवांत सामाईक विहीर असली म्हणजे पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. टॅबच्याही पाळ्या ठराव्या, आणि त्या घड्याळावर ठराव्या. पाळीवरून भांडणें होतील हें खरें. विहिरीवरूनही होतात, म्हणून कोणी बहिणीचें शेत कोरडें ठेवीत नाहीं.

कोणीं घ्यावा, असें कोणी रोखठोक विचारलें तर आम्ही असें म्हणूं कीं, आठवीपर्यंतच्या मुलास स्वतःचा टॅब नको. घरांतला मोबाइल व शाळेचें वाचनालय त्यास पुरें आहे. नववी-दहावींत घरचा मोबाइल चालत असेल तर थांबावें. मात्र लहान पडद्यावर रोज तास-दीड तास वाचावें लागत असेल तर टॅबचा पडदा डोळ्यांस सोयीचा पडतो. बारावीनंतर वैद्यकीच्या किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेस बसणाऱ्या व गांवीं शिकवणी न मिळणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र अकरावींतच हा खर्च करून द्यावा. शहरांतल्या मुलाच्या दाराशीं जी शिकवणी असते, ती ह्याच्या घरीं येण्यास दुसरा रस्ताच नाहीं.

खरेदीपूर्वीं एक आठवडा परीक्षा करून पाहावी. ज्या कंपनीचें सिम घेणार, तें सिम असलेला कोणाचा तरी मोबाइल संध्याकाळपुरता मागून आणावा. मूल जेथें अभ्यासास बसतें त्याच जागीं, रात्रीं आठ वाजतां, एक धडा उघडून पाहावा. अंगणांत किंवा टेंकडीवर जाऊन नव्हे. किती मिनिटांत उघडला, मध्यें कितीदां तुटला, वीज गेल्यावर टॉवर किती वेळ टिकला, हें मुलानेंच वहींत रोज लिहावें. पावसाळ्यांत हीच परीक्षा पुन्हां केली तर फारच उत्तम, कारण फाल्गुनांतली रेंज श्रावणांत राहतेच असें नाहीं. आणि वही पाहून घेण्याचें ठरलें, तर मिरचीचे पैसे आले म्हणून माघ महिन्यांतच दुकान गांठूं नये. वार्षिक परीक्षा तोंडावर असते, त्यानंतर दोन महिने सुटी असते, आणि हमीचें वर्ष पावतीच्या तारखेपासून मोजलें जातें. पैसे पोस्टांत ठेवावे व जूनमध्यें शाळा उघडतांना टॅब घ्यावा, म्हणजे हमीचे बारा महिने अभ्यासाच्या वर्षांत पडतील. पावती पक्की घ्यावी, तिच्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि ती पाठ्यपुस्तकांत नव्हे, तर घरांतील सातबाराच्या कागदांबरोबर ठेवावी.